मु. पो. वाचनालय

आपल्याकडे लेखक गावात येतो तो संध्याकाळी. त्याला आणायला गेलेल्या गाडीला उशीर होतो, म्हणून सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्याची स्वतःची एक कविता. लेखकाच्या हाती माईक येईपर्यंत साडेआठ वाजतात. मागच्या रांगेतल्या बाया स्वयंपाकाच्या घाईनं केव्हाच उठून गेलेल्या असतात. पाऊण तास भाषण, आभार, जेवण, आणि रात्री अकराला गाडी परत छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कपाटातली त्या लेखकाची पुस्तकं मात्र जिथल्या तिथं.

असे कार्यक्रम मीही भरवले आहेत, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला हा लेख नाही. गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीला आणि ग्रंथपालांना यात एकच गोष्ट सुचवायची आहे: पुढच्या वेळी लेखकाला भाषणाला न बोलवता मुक्कामाला बोलवा. पंधरा दिवस. त्यानं तुमच्या गावात राहावं, आपलं लिखाण करावं, उरलेल्या वेळात वाचनालयात बसावं. हे कसं जमवायचं, पैसे किती लागतील, कुठं घसरायला होतं, ते पुढे क्रमानं सांगतो. उदाहरणं जालना जिल्ह्याची आहेत, पण बीड-परभणीच्या वाचनालयांनाही ती लागू पडतील.

ही कल्पना परकी नाही

‘रायटर इन रेसिडेन्स’ हा शब्द ऐकला की ही मोठ्या शहरातली, पैसेवाल्या संस्थांची चैन वाटते. पण माणसानं एका जागी किती थांबावं याचा विचार आपल्या मातीत जुना आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामींच्या जागा वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत: स्वामी जिथं नुसते बसले ते आसन, जिथं रात्रभर राहिले ती वसती, आणि जिथं बरेच दिवस थांबले ते अवस्थान. या मापानं आपला व्याख्यानाचा कार्यक्रम आसनातच मोडतो. आपल्याला अवस्थान हवं आहे. चातुर्मासात साधू एका गावी राहत, सप्ताहात कीर्तनकार गावचं मीठ खाऊन गावच्या भाषेत बोलतात, हीही त्याच जातीची उदाहरणं.

मुक्कामानं काय साधतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. हिंदी कादंबरीकार संजीव हे वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अतिथी लेखक म्हणून राहिले. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची त्यांची ‘फाँस’ ही कादंबरी २०१५मध्ये आली. उत्तरेकडचा एक लेखक विदर्भाच्या कापसावर कादंबरी लिहितो, ती एका संध्याकाळच्या भाषणातून येत नाही. कॅनडात तर कित्येक सार्वजनिक वाचनालयं दरवर्षी एक लेखक नेमतात. गावातली लिहिणारी माणसं आपली पानं आधी देऊन ठेवतात, लेखक ती वाचतो आणि वेळ ठरवून एकेकाशी बोलतो. उरलेला बराचसा वेळ त्याच्या स्वतःच्या लिखाणाचा असतो.

आपल्या जिल्ह्यात ऐकायला माणसं येतात, याबद्दल शंका नको. डिसेंबर २०२२मध्ये घनसावंगीला ४२वं मराठवाडा साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते शेषराव मोहिते. ज्या तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आहे, त्या तालुक्याला साहित्याचा मांडव नवा वाटला नाही. पण मांडव दोन दिवसांनी उतरतो. वाचनालय वर्षभर उघडं असतं, म्हणून हे काम वाचनालयाचं.

कुणाला बोलवावं

नाव मोठं असण्यापेक्षा माणूस थांबणारा हवा. आपल्याकडे बहुतेक लेखक नोकरी करतात. कुणी शिक्षक, कुणी प्राध्यापक, कुणी बँकेत, कुणी वर्तमानपत्रात. त्यांना सलग पंधरा दिवस मिळणं कठीण. म्हणून तीन वाटा चोखाळा: निवृत्त झालेला लेखक, शेती किंवा मोकळं काम करणारा लेखक, नाहीतर नोकरदाराला आठ-आठ दिवसांचे दोन तुकडे.

पहिल्या खेपेला मराठवाड्याचाच लेखक बोलवा. इथला गाव ज्यांनी लिहिला, अशांची आपल्याकडे वाण नाही. जालन्यात रेखा बैजल आहेत. परभणीकडचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंद्रजित भालेरावांची कविता तर शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीची. ही नावं फक्त दिशा कळावी म्हणून. यांच्या वाटेवरचा, दोन-तीन पुस्तकं झालेला पस्तिशीतला लेखक किंवा लेखिका या कामाला अधिक योग्य. त्यांना मुक्कामाची गरज जास्त असते आणि गावाला त्यांच्याशी बोलायचा संकोच कमी.

निवडीसाठी कार्यकारिणीतले दोन, ग्रंथपाल, एक शिक्षिका आणि नेहमी पुस्तकं नेणारा एक सभासद, अशी पाच जणांची समिती पुरे. अट एकच ठेवा: समितीतल्या प्रत्येकानं त्या लेखकाचं किमान एक पुस्तक वाचलेलं असावं.

कधी बोलवावं

तारीख शेतीचं गणित बघून ठरवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी अंगावर असते, वाचनालयात फिरकायला कुणाला फुरसत नसते. त्याच सुमाराला मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे तिथल्या बोलीत कोयते, मुलाबाळांसह चार-पाच महिने गावात नसतात. तेव्हा मुक्काम ठेवला तर अर्धं गाव लेखकाला दिसणारच नाही. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि पाण्याचे हाल.

दोन वेळा चांगल्या. एक श्रावण-भाद्रपदाची: खुरपणी आवरत आलेली असते, माणसं गावात असतात आणि पोथ्यांचे दिवस असतात. दुसरी, ज्या गावातून ऊसतोडीला फारशी माणसं जात नाहीत तिथं, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. तेव्हा १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सापडतात, म्हणून शाळा आणि पंचायत मदतीला येतात. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर मात्र बेत पुढे ढकला. लेखक कुणाच्या गटाचा, हा प्रश्न गावात एकदा उठला की पंधरा दिवस त्याचीच चर्चा.

आधीचा महिना

लेखक येण्याआधी त्याची पुस्तकं गावात फिरली पाहिजेत. प्रत्येकी एक प्रत घेऊन भागणार नाही, पाच-पाच घ्या. मग देवघेवीच्या नोंदवहीवर लक्ष ठेवा. महिनाभरात किमान वीस जणांच्या नावावर ती पुस्तकं चढली नाहीत, तर मुक्काम पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

पुस्तकाच्या मागच्या पानाला तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तो तेवढा तपासा. मी ज्या एका वाचनालयाशी जोडलेला होतो, तिथं आम्ही हे विसरलो. पाहुण्या लेखकानं कपाटातून स्वतःचं पुस्तक काढलं, मागचं पान उघडलं. कागद कोरा होता. पुस्तक येऊन नऊ वर्षं झाली होती. तो काही बोलला नाही, पुस्तक जागेवर ठेवून पुढच्या कपाटाकडे वळला. आमचा स्वागताध्यक्ष मात्र त्या दिवशी भाषणात दोनदा अडखळला.

खोली, जेवण, पाणी

वाचनालयाला जोडून खोली असेल तर उत्तम, नसेल तर गावातलं घर बघा. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पुस्तकं ठेवायला लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या. पुस्तकाला खोली मिळते तर लेखकालाही मिळेल.

खोलीत काय लागतं? उजेडाजवळ टेबल, पाठ टेकेल अशी खुर्ची, पंखा, मच्छरदाणी, वीज गेली तर चालणारा दिवा, स्वच्छ संडास आणि दाराला आतून कडी. प्यायच्या पाण्याची सोय पक्की करा, आपल्याकडे नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते पाहुण्याला ठाऊक नसतं. लेखिका येणार असेल तर जिथं बायका आहेत अशा घरातली स्वतंत्र खोली द्या आणि तिला काय सोयीचं ते आधी तिलाच विचारा. रात्रीच्या कार्यक्रमानंतर सोडायला कोण जाणार, हे त्या क्षणी ठरवू नका.

जेवणासाठी घरांच्या पाळ्या लावा. पंधरा दिवस, पंधरा घरं. पाळ्या लावताना गावाच्या एकाच बाजूची घरं येणार नाहीत हे बघा. वस्ती, तांडा, मोहल्ला, पेठ, सगळीकडे पाळी जावी. लेखकाला गाव कळतं ते अशा जेवणांतून. सकाळचा नाश्ता त्याच्या खोलीवरच करू द्या, म्हणजे दिवस उजाडताच गप्पा मारायची सक्ती त्याच्यावर येत नाही.

दिवसाची वाटणी

सकाळी सात ते बारा हा वेळ लेखकाचा. या वेळात सरपंच आले तरी दार वाजवायचं नाही. हे वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवा आणि सरपंचांना स्वतः जाऊन सांगा. ते आनंदानं पाळतात, फक्त आधी सांगितलेलं असावं लागतं.

दुपारी चार ते सहा हस्तलिखितांच्या भेटी. प्रत्येक तालुक्यात वह्या भरून लिहिणारी दहा-वीस माणसं असतात. त्यांच्याकडून आधीच पानं मागवा. दहा पानांहून जास्त नको, महाकाव्य नको. लेखकाला ती चार दिवस आधी मिळावीत. एकेकाला अर्धा तास. लेखकाला एवढंच सांगा की नुसतं कौतुक करू नका, पेन्सिलनं खुणा करा. कुणाचा पहिला संग्रह खरंच तयार असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची माहिती त्याला तिथल्या तिथं द्या. पैसे भरून पुस्तक छापून देणाऱ्याच्या तावडीतून दोन जण सुटले तरी मुक्काम सार्थकी लागला.

संध्याकाळी एक तास लेखकानं देवघेवीच्या टेबलावर बसावं. माझ्या पाहण्यात सगळ्यात मोलाचा तास हाच. एका वाचनालयात एक लेखिका अशा बसल्या असताना पाचवीतली मुलगी पुस्तक परत करायला आली. शेवटचा फर्मा निसटलेला, सोळा पानं गायब. ‘मग शेवट कळला का?’ लेखिकेनं विचारलं. मुलगी म्हणाली, ‘नाही. मीच केला.’ तिनं तो उभ्या उभ्या सांगितला. लेखिकेनं दुसऱ्या दिवशीचा ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला, आणखी सात पुस्तकांचे शेवटचे फर्मे मुद्दाम वाचायला न देता मुलांकडून शेवट करून घेतले. तो तास कार्यक्रमपत्रिकेत कुणीच छापला नव्हता.

आठवड्यातून दोन दिवस काहीच ठेवू नका. गावाला ही विश्रांती वाटते, लेखकाला ती कामाची असते.

कादंबरीची पोथी लावा

‘वाचकांशी संवाद’ असा फ्लेक्स लावला की ठरलेली तीस माणसं येतात. त्याऐवजी गावाला ठाऊक असलेली रीत वापरा. श्रावणात आपल्याकडे देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाया वाती वळता वळता ऐकतात, आणि शेवटी समाप्तीचा प्रसाद होतो. पिढ्यानपिढ्यांची ही ऐकण्याची सवय वाचनालयांनी अजून वापरलेलीच नाही.

लेखकाची एक कादंबरी किंवा कथासंग्रह निवडा आणि त्याची पोथी लावा. मोकळे दोन दिवस सोडून रोज पाऊण तास, दुपारी दोन ते पावणेतीन, कारण बायकांना तीच वेळ सापडते. वाचणारा गावातलाच असावा, लेखकानं फक्त शेजारी बसावं. अडलेल्या शब्दावर थांबायचं, कुणी ‘असं नसतंय’ म्हणालं तर तेही ऐकायचं. बचत गटाची बैठक ज्या घरी होते ती जागा यासाठी फार चांगली. वाचनालयाच्या पायऱ्या कधी न चढलेल्या बायका तिथं हक्कानं बोलतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पूर्ण जागा आहे, असा वाचनालयाचा दुसरा कोणता कार्यक्रम मला आठवत नाही.

गाव दाखवा, पण सहल काढू नका

प्रेक्षणीय स्थळं लेखक स्वतः पाहील. त्याला कामाच्या जागी न्या. जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीचा लिलाव कसा होतो, २०१८पासून चालणाऱ्या रेशीम कोष बाजारात शेतकरी पांढऱ्या कोषांच्या क्रेटजवळ कसा उभा राहतो, रोलिंग मिलच्या दारात पाळी सुटताना बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांची कोणती बोली कानावर येते, हे दाखवा. बियाण्यांच्या या शहरात संकरित बी तयार करण्यासाठी शेतात हातानं परागीकरण करणाऱ्या बायांशी बोलू द्या. भोकरदनला नेलंत तर सांगा की हेच प्राचीन भोगवर्धन, इथल्या दात्यांची नावं सांची-भरहूतच्या शिलालेखांत आहेत.

सोबत एकच माणूस द्या. चार गाड्यांचा ताफा बघितला की मजूर गप्प होतो आणि मुकादम बोलायला लागतो.

एक वही मुद्दाम ठेवा, शब्दांची. जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे बोली वऱ्हाडीकडे झुकते, गोदाकाठी अंबड-घनसावंगीकडे तिचा सूर पालटतो. जालना शहरात दखनी उर्दू कानावर पडते, तांड्यांवर गोरबोली. ‘का’ विचारायला कुठं ‘काहून’ म्हणतात, कुठं ‘कामून’, हे नोंदवायला विद्यापीठ लागत नाही. येणाऱ्या प्रत्येकानं वहीत एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो वापरून एक वाक्य लिहावं. लेखक गेला तरी ही वही वाचनालयाची.

पैसे

पंधरा दिवसांचं साधं अंदाजपत्रक असं मांडता येईल: मानधन १५,००० रुपये, येण्या-जाण्याचा खर्च २,०००, खोलीची डागडुजी आणि सामान ४,०००, गावोगाव फिरण्याचं पेट्रोल २,५००, लेखकाची पुस्तकं ३,०००, नाश्ता-चहा १,५००, समारोपाची पुस्तिका छापायला ४,०००, किरकोळ २,०००. एकूण ३४,००० रुपये. मांडव, साउंड, फ्लेक्स आणि दोनशे पानांच्या जेवणाचा हिशेब केलात तर एका रात्रीच्या समारंभाला याहून कमी लागत नाही.

मानधनाला कात्री लावू नका. ‘साहित्यसेवा’ हा शब्द आपण नेमका पाकीट देताना काढतो. निम्मे पैसे आल्याच्या दिवशी, निम्मे निघण्याच्या आदल्या दिवशी, खात्यावर.

पैसे कुठून? १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेल्या वाचनालयाला परिरक्षण अनुदान मिळतं, पण त्याला मंजूर बाबींचं कुंपण असतं आणि ते वेतन-पुस्तकांतच संपतं. त्याला हात लावू नका. मुक्कामासाठी देणगीचं वेगळं खातेपान उघडा. शंभर सभासदांनी दोनशे रुपये दिले तर वीस हजार तिथंच होतात. उरलेल्यासाठी मोंढ्यातले व्यापारी, माजी विद्यार्थी, पतसंस्था. जालन्यात पोलाद आणि बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक वाचनालयांची उभारणी आणि कला-संस्कृतीचं संवर्धन हे विषय येतात, त्यामुळे अर्ज करायला जागा आहे. तो एका कार्यक्रमासाठी न करता तीन वर्षांच्या उपक्रमासाठी करा. साहित्य अकादमीचा ‘ग्रामालोक’ हा खेड्यांतल्या कार्यक्रमांचा उपक्रमही माहीत असू द्या. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधीच पत्र द्या, जिल्हा ग्रंथोत्सवाशी तारखा जुळल्या तर दोघांचंही काम हलकं होतं.

एक पानाचं पत्र

तोंडी ठरलेलं शेवटच्या दिवशी नडतं. एका पानावर लिहून दोघांनी सही करा. त्यात तारखा, मानधन, राहण्याची सोय आणि कामाचे तास असावेत. आणखी तीन गोष्टी आवर्जून लिहा. पहिली: मुक्कामात लिहिलेल्या मजकुराचा हक्क लेखकाचा. वाचनालयाचा उल्लेख त्यानं केला तर आनंद, सक्ती नाही. दुसरी: गावावर गौरवगीत किंवा अध्यक्षांच्या वडिलांवर लेख लिहून मागितला जाणार नाही. हसू नका, मागितला जातो. तिसरी: लोकांनी सांगितलेल्या खाजगी गोष्टी त्यांच्या परवानगीशिवाय नावानिशी छापल्या जाणार नाहीत. शेवटचं कलम गावाच्या रक्षणाचं आहे. लेखक पंधरा दिवसांनी जातो, सांगणाऱ्या बाईला तिथंच राहायचं असतं.

पहिला दिवस आणि शेवटचा

पहिल्या दिवशी शाल-श्रीफळ नको. लेखकाला रांगेत उभं करा आणि सभासद करून घ्या. अर्ज भरू द्या, वर्गणी घ्या, अनामत घ्या, पावती फाडा, क्रमांक द्या. अर्जावर पत्त्याच्या रकान्यात ‘मु. पो.’ छापलेलं असतं. ही अक्षरं आपण आयुष्यभर लिहितो, पण त्यातला मुक्काम कधी वाचत नाही. लेखकानं तिथं तुमच्या गावाचं नाव लिहावं. मग त्याला पुस्तक न्यायला सांगा, इतर सभासदांच्याच नियमानं, आठवड्याच्या मुदतीनं. उशीर झाला तर दंडही घ्या.

शेवटच्या दिवशी पोथीची समाप्ती करा. शब्दांच्या वहीतली निवडक पानं, मुलांनी केलेले शेवट, हस्तलिखितांतला एखादा चांगला तुकडा, अशी सोळा पानी पुस्तिका काढा. त्यानंतरच्या महिन्यात ग्रंथपालांनी नोंदवहीतून तीन आकडे काढून फळ्यावर लावावेत: नवे सभासद किती, त्यांत बायका किती, त्या लेखकाची पुस्तकं किती जणांनी नेली. पुढच्या वर्षीच्या देणगीदाराला फोटोंच्या अल्बमपेक्षा हे आकडे पटतात.

आणि लेखक निघताना नियमाप्रमाणे अनामत परत द्यायला काढाल, तेव्हा ती घ्यायला तो हात पुढे करतो का, ते बघा. ‘राहू द्या, कार्ड चालू ठेवा’ असं म्हणाला, तर पंधरा दिवस बरे गेले असं समजा. नोंदवहीत त्याच्या नावापुढे रेघ मारू नका.